सुनेचा राजीनामा

४ मार्च २०१९, सोमवार

आज अंजनाने राजीनामा दिला. घरी नाही, ऑफिसात.

सकाळी एका ताटात चटणी-भाकरी खाल्ली, तिच्या स्कुटीवर बसून दोघी ग्रामपंचायतीत गेलो, तोवर तोंडातून शब्द काढला नाही. आप्पाराव भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, येऊन खुर्चीत टेकले तशी उठली, माझ्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाली, "सरपंच मॅडम, एवढा अर्ज घ्या."

मॅडम! घरात मला आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

कागदावर लिहिलं होतं की वैयक्तिक कारणामुळं लिपिक पदाचा राजीनामा देत आहे, एप्रिलअखेर कार्यमुक्त करावं आणि अनुभवाचा दाखला मिळावा. मी म्हणाले, "हे काय गं?" तर खाली बघत म्हणाली, "आष्टीच्या अलीकडं दूध संघानं गुरांची छावणी काढलीय, तिथं लिहिणारं माणूस पाहिजे. मला बोलावलंय."

मी सरपंच व्हायच्या आधीपासून ती इथं लिपिक आहे. माझा लेक वैजनाथ गेला त्याच वर्षी ही नोकरी लागली. तो उसाच्या ट्रॅक्टरवर होता, कारखान्याच्या वाटेवर ट्रॉली उलटली. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, लेकरू नाही. तिचा भाऊ न्यायला आला तर ही म्हणाली, "आत्यांना एकटं सोडून मी येत न्हाई." तेव्हापासून घरात आम्ही दोघीच.

मी भाऊसाहेबांना सांगितलं, राजीनामा घेता येत नाही. दुष्काळ आहे. टँकरच्या खेपा कोण लिहील, छावणीत गुरं नेणाऱ्यांना दाखले कोण देईल? भाऊसाहेब म्हणाले, "ताई, असा काही नियम न्हाई." मी म्हणाले, "मग शोधा की."

सरपंचांच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, रोज दोन ओळी लिहीत जा. आज दोन ओळींत भागलं नाही. संध्याकाळी त्याच स्कुटीवर परत आलो. रात्री पिठलं तिनं मला आवडतं तसं, लसूण ठेचून, सरबरीत केलं होतं.

८ मार्च

महिला दिन म्हणून तालुक्याहून फुलं आली. टँकर आला नाही.

दूध संघाचा सुपरवायझर राधाकिशन दाखल्यांसाठी आला होता. हा माणूस वरचेवर येतो. बोलायला सभ्य, पण सरळसरळ आमची लिपिक पळवतोय. तरी पाहुणा म्हणून चहा दिला. तो अंजनाकडं बघून म्हणाला, "चहा लई चांगला झालाय." चहा म्हाळूनं केला होता, म्हाळू आमचा शिपाई. म्हाळू खी खी करून हसला. मी त्याला झापलं. पाहुण्यासमोर हसतात का असं?

१२ मार्च

निवडणुकीची आचारसंहिता लागली. मी भाऊसाहेबांना म्हणाले, आता राजीनाम्याचा विषय घेताच येणार नाही. ते म्हणाले, लिपिकाच्या राजीनाम्याचा आणि आचारसंहितेचा काही संबंध नाही. मी म्हणाले, "लावला की लागतो."

अंजना ऐकत होती. तिला हसू आलेलं मला दिसलं. मग मलाही आलं, पण मी ते फायलीमागं लपवलं.

१९ मार्च

विहिरीवर टँकर रिकामा होत होता तिथं गेलते. बायका काहीतरी बोलत होत्या, मी दिसले तशा चिडीचूप. सरपंच झालं की असंच होतं. माणसं मोकळं बोलत नाहीत.

उपसरपंच बबनराव तिथंच होते. मला म्हणाले, "सरपंचबाई, गावाचं राहू द्या. आधी घरात काय चाललंय त्ये बघा."

मी म्हणाले, "घरात काय चाललंय? ज्वारी निवडायची चाललीय."

त्यांना माझी खुर्ची पाहिजे होती, आरक्षण पडलं म्हणून गेली. तेव्हापासून असं कोड्यात बोलतात. मी मनावर घेत नाही.

२६ मार्च

मासिक सभा झाली. लोकहितास्तव राजीनामा नामंजूर. सगळ्यांनी हात वर केले, बबनरावांनीसुद्धा. मला नवल वाटलं, ते कधी माझ्या बाजूनं हात वर करत नाहीत.

गंमत अशी की इतिवृत्त लिहायला अंजनाच. स्वतःचा राजीनामा नामंजूर झाल्याचं स्वतःच्या हातानं लिहिलं, तेही मोत्यासारख्या अक्षरात. मी "लोकहितासाठी" म्हणाले तर म्हणाली, "मॅडम, ठरावात लोकहितास्तव म्हणतात." मी म्हणाले, "लिही मग तसं."

सभा संपल्यावर मी जिंकल्यासारखी घरी आले. ती आत जाऊन बराच वेळ पडून राहिली. डोकं दुखतंय म्हणाली. मी तेल लावून दिलं. लहान पोरीसारखी मांडीवर डोकं ठेवून निजली. हिला छावणीतल्या शेणात काय सुख मिळणार आहे, मला खरंच कळत नाही.

२ एप्रिल

पंचायत समितीची नोटीस आली. अंजनाने माझ्याविरुद्ध तिकडं अर्ज केला. ग्रामपंचायत कार्यमुक्त करत नाही, दाखलाही देत नाही म्हणून. निवडणूक झाल्यावर सुनावणी.

नोटीस तिनंच उघडली, तिनंच आवक वहीत नोंदवली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. मी वाचली. मग विचारलं, "तू केलास अर्ज?"

"हो."

"जेवलीस का?"

"न्हाई."

डबा उघडला, जेवलो. दुसरं काय करणार?

६ एप्रिल, पाडवा

गुढी तिनंच उभारली. आज मोरपंखी साडी नेसली होती. वैजनाथ गेल्यापासून फिक्या साड्याच नेसायची. मी किती वेळा म्हणाले होते, रंगाचं नेसत जा, तुझं वय काय. आज ऐकलं शेवटी माझं. बरं वाटलं.

भांडण आपल्या जागी. सणाच्या दिवशी मी विषय काढला नाही.

२३ एप्रिल

आष्टीला सुनावणी. वडाप जीपची वाट बघत बसलं तर ऊन चढतं, म्हणून तिच्याच स्कुटीवर गेले. वाटेत सगळं रान करपलेलं. तिनं पदर माझ्या डोक्यावर नीट बांधून दिला, झळ लागेल म्हणून.

बीडीओ मॅडम तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "अर्जदार आल्या का?" अंजना उभी राहिली. "आणि सरपंच?" मी उभी राहिले. शिपाई म्हणाला, "मॅडम, ह्या दोघी एकाच गाडीवर आल्यात." मॅडमनी चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं.

मी सगळं सांगितलं. पाण्याचे हाल, टँकर, दाखले. दूध संघ सहकारी असून सहकार न करता आमची माणसं पळवतो, हेही सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रुक्मिणीबाई, तुमची अडचण खरी आहे. पण दुष्काळ आहे म्हणून माणसाला बांधून ठेवता येत नाही." मग अंजनाला विचारलं, "वैयक्तिक कारण म्हणजे काय? सांगायचं बंधन नाही, पण कळलं तर मार्ग काढता येईल."

अंजना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आपसात तडजोड करा. नवीन माणसाला काम शिकवून ह्यांना मोकळं करा. महिनाअखेरीस ठराव पाठवा, नाहीतर मला आदेश काढावा लागेल."

बाहेर लिंबाखाली बसून दशम्या खाल्ल्या. मी विचारलं, "मला ठाऊक नाही असं तुझं काय वैयक्तिक आहे गं?" तिनं माझ्या हातावर लोणचं ठेवलं आणि म्हणाली, "खा ना आत्या." डोळे भरलेले दिसले. धुळीनं असतील.

मला एकच कळतंय, हे सगळं त्या राधाकिशनचं आहे. त्याला गाठल्याशिवाय भागणार नाही.

२५ एप्रिल

आज सगळं क्रमानं लिहिते.

अंजनाला न सांगता वडाप धरून छावणीवर गेले. माळावर हिरव्या जाळ्या बांधलेल्या, त्यांच्याखाली गुरांच्या रांगा, मधेमधे माणसांच्या बाजा, चुली. अख्खे संसार गुरांसंगं येऊन राहिलेत. राधाकिशन कुठं भेटेल म्हणून विचारलं तर एकानं बोट दाखवलं, "ती बघा, त्याची माय."

एक म्हातारी गाईला उसाचं वाढं घालत होती. मी गावाचं नाव सांगितलं, माझं सांगितलं. तशी ती हातातलं सगळं टाकून उठली, हात पदराला पुसले, बाजेवर वाकळ अंथरली.

"तुमी व्हय अंजनाच्या आत्या! आवं, मीच येणार व्हते पदर पसरून. पर अंजना म्हणली, जरा थांबा, आदी मी सांगते. सांगितलं ना तिनं?"

मी म्हणाले, "सांगितलं." असं का म्हणाले, देवाला ठाऊक.

"लई भ्या वाटत व्हतं बगा मला. ज्या बाईचा लेक गेला तिची सूनबी मागायची, कोणत्या तोंडानं? राधाची पयली बायको काविळीनं गेली, तवापास्नं त्यो हसलाच न्हवता. आता हसतोय. आन तुमी सवताहून आलात! लई मोठं मन तुमचं."

तिचं नाव बायनाबाई. तिनं चहा ठेवला. मी भांडायला गेलते आणि बाजेवर बसून दोन कप चहा प्याले. तेवढ्यात राधाकिशन आला. मला बघून जागेवर थिजला, डोक्यावरचा भारा उतरवायचंही भान राहिलं नाही. मी म्हणाले, "गुरांची सोय बरी ठेवलीय," आणि निघाले.

सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हाळूला, विहिरीवरच्या बायकांना, बबनरावांना. मला तेवढं नव्हतं.

२६ एप्रिल

काही लिहावंसं वाटत नाही. तिच्याशी बोलले नाही. तिनं दोनदा विचारलं, बरं नाही का.

२७ एप्रिल

आज बोललो. ज्वारी निवडत होतो.

मी सुपातून मान वर न करता म्हणाले, "बायनाबाई चहात आलं लई घालतात."

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. म्हणाली, "तुमी गेल्तात?"

"मला का सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? तुमाला एकटं टाकून दुसऱ्याच्या घरात चालले, असं तोंडानं म्हणायचं कसं? म्हणून नोकरीचं काढलं. मला वाटलं, नोकरी सोडली की तुमी रागावताल, जा म्हणताल, मग जायला सोपं जाईल. तर तुमी ठराव करून बसल्या. तुमी मला सोडीचना."

मी म्हणाले, "मग पंचायत समितीत गेलीस माझ्यावर?"

"मग काय करू? तुमी घरात ऐकत न्हाई, ऑफिसातबी ऐकत न्हाई!" आणि रडता रडता हसायला लागली. मलाही आवरलं नाही.

मग तिनं सांगितलं. दोघांचं बोलणं दाखल्यांवरून सुरू झालं. तो जास्त बोलत नाही, पण तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतो. ती म्हणाली, "आत्या, तुमी न्हाई म्हणलात तर मी जाणार न्हाई. पर मला जायचंय."

मी उठून गुरांच्या रिकाम्या गोठ्यात जाऊन उभी राहिले. खरं लिहायचं तर मला राग दोन गोष्टींचा होता. एक, बायनाबाईला माझ्याआधी कळलं. दुसरी, वैजनाथला ओळखणारं ह्या घरात आता माझ्याशिवाय कोणीच उरणार नाही. त्याच्याबद्दल बोलायला मला तीच एक होती. त्याला भेंडी आवडायची नाही, झोपेत बडबडायचा, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

पण ती तिशीच्या आतली आहे. माझ्या लेकाच्या आठवणी राखायला तिला जन्मभर बसवून ठेवू? मी सरपंच असले तरी एवढा अधिकार मला नाही.

आत येऊन म्हणाले, "मोरपंखी साडी चांगली दिसते तुला." तिला कळलं.

३० एप्रिल

मासिक सभा. विषय एकच: लिपिकाशी तडजोड.

मी सांगितलं, गावातल्या साखराबाईच्या लेकीला जागेवर घेऊ, चार तारखेपर्यंत अंजना तिला टँकरची नोंद आणि दाखले शिकवील, मग कार्यमुक्त. अनुभवाचा दाखला त्याच दिवशी. अंजनाने पंचायत समितीतला अर्ज मागं घ्यायचा. तिनं मान हलवली.

बबनराव उठले. "मागच्या टायमाला लोकहित व्हतं, आता कुटं गेलं? कारण लिवा ठरावात. म्होतूर लावायला चाललीय म्हणून लिवा की, गावाला कळू द्या."

विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडं म्होतूर म्हणतात. ते दिवेलागणीनंतर लावायचं, गावाबाहेर, वाजंत्री नाही, अक्षता नाहीत. चोरून नेल्यासारखी बाई न्यायची. इतिवृत्त लिहिता लिहिता अंजनाचा पेन थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मी उभी राहिले. सभेत माझा आवाज चिरकतो, आज चिरकला नाही. म्हणाले, "बबनराव बरोबर बोलतात. कारण लिहायलाच पाहिजे. लिही अंजना: लिपिकेचा विवाह ठरल्यामुळे. विवाह लिही, दुसरा शब्द लिहायचा नाही. सूचक मी."

भाऊसाहेबांनी विचारलं, "अनुमोदक?"

कोणी हलेना. मग मागून कडूबाईनं हात वर केला. कडूबाई आमच्या सदस्य, आजवर सभेत फक्त चहापुरत्या बोलल्या.

"माजं लिवा," म्हणाल्या. "माज्या धाकट्या बहिणीला अंदारात पाठवली व्हती. मी तिच्या मागं चालत गेलते शिवेपस्तोर, रडायचीबी चोरी. ह्या पोरीला उजेडी पाठवा."

एकेक हात वर झाला. बबनरावांनी हात वर केला नाही, विरोधही केला नाही. सभा संपल्यावर दारात अडवून म्हणाले, "वऱ्हाडाला माझा पिकअप घिऊन जावा. डिझेल टाकलेलं हाय." ते वळून चालते झाले.

४ मे

अंजना कार्यमुक्त. दाखल्यात वर्तणुकीपुढं मी "चांगली" लिहिलं. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, उत्तम लिहायचं असतं." खोडून उत्तम लिहिलं. खोडलेला दाखला चालत नाही म्हणून परत नवा करावा लागला. तो अंजनानेच टाइप केला.

७ मे, आखिती

सकाळी वैजनाथच्या नावानं करा भरून पूजला. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसासाठी पाण्याचं मडकं पूजतात. पाणी टँकरचंच. त्याला मनात सांगितलं, "बाबा, आज अंजनाचं लग्न हाय. मी जाऊन येते." वर आंब्याची फोड ठेवली. एवढंच जमलं.

लग्न छावणीतच झालं, भर दुपारी, जाळीखाली. राधाकिशनची गुरं मागं सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून लग्नच गुरांकडं आलं. पाण्याचे ड्रम आम्ही पिकअपमधून घेऊन गेलो. पाहुण्यांना ग्लास अर्धा भरून देत होतो, कोणी नावं ठेवली नाहीत. कोणीतरी गाईंच्या शिंगांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, त्यातल्या निम्म्या गाईंनीच खाल्ल्या. अंजनाचा भाऊ चाकणहून आला, मामाच्या जागी उभा राहिला. मी विधवा, म्हणून मागं थांबले होते. बायनाबाईनं हाताला धरून पुढं ओढलं आणि मुठीत अक्षता कोंबल्या. "टाका," म्हणाली, "तुमच्या अक्षता आदी."

टाकल्या. डोळ्यांसमोर नीट दिसत नव्हतं, कुणाच्या डोक्यावर पडल्या कोण जाणे.

लग्नात पाठवणी नवरीची असते. इथं नवरीला जायचंच कुठं होतं? ती जागेवर राहिली आणि पाठवणी माझी झाली. सगळी छावणी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बायनाबाईनं लाडवांचं गाठोडं दिलं. अंजना गाडीच्या दांड्याला धरून उभी. म्हणाली, "आत्या, पोचलात की फोन करा." मी म्हणाले, "करीन." पिकअप सुरू झाला तरी दांडा सोडीना. कडूबाईनं तिची बोटं हलकेच सोडवली.

१० मे

साखराबाईची लेक हुशार आहे, शिकेल. मला मॅडमच म्हणते.

आज सभेत मी विषय मांडला की छावणीत आपल्या गावाची गुरं आहेत, त्यांच्या चाऱ्या-पाण्याची तपासणी सरपंचाने स्वतः जाऊन करावी. बबनरावांनी विचारलं, "दर आठवड्याला?" मी म्हणाले, दुष्काळ आहे, हयगय करून चालणार नाही. भाऊसाहेब खाली बघून हसत होते. ठराव एकमताने मंजूर. मंगळवार ठरला. कामाचं बघून शुक्रवारीही जावं लागेल असं दिसतं.

१४ मे, मंगळवार

छावणीवर जाऊन आले. अख्खी दुपार तिथंच गेली. गुरं बघायची राहिली.